पाऊल उशिरा पडते तेव्हा

ठाणे शहराच्या पूर्वेस, लोहमार्ग आणि ठाण्याची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात कोपरीची वस्ती आहे. शेजारी चेंदणीचा जुना कोळीवाडा, फाळणीनंतर येऊन स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत, चाळी, नोकरदारांच्या जुन्या इमारती आणि अलीकडे त्यांच्यामधून वर आलेले मनोरे असे येथील संमिश्र स्वरूप आहे. घरे कोणतीही असोत, तान्ह्या मुलाच्या वाढीवर नजर ठेवण्याची रीत मात्र सगळीकडे एकच. मूल पालथे कधी पडले, बसू कधी लागले, रांगत उंबऱ्यापर्यंत कधी आले, याची नोंद कोणी वहीत करीत नाही. परंतु घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ती तोंडपाठ असते. शेजारचे त्याच महिन्यात जन्मलेले मूल जिन्यापर्यंत पोचले आणि आपले अजून उशीच्या आधाराने बसते आहे, ही गोष्ट बहुधा आजीच्याच प्रथम लक्षात येते. मग घरात दोन मते पडतात. डॉक्टरांना दाखवावे, असे एकाचे म्हणणे असते. याचा बापही दीड वर्षाचा होईपर्यंत चालत नव्हता, हाही चालेल हळूहळू, असे दुसऱ्याचे. पुष्कळ घरांत दुसरे मत टिकते आणि त्यात सहा-आठ महिने निघून जातात. ज्या मुलाला खरोखरच उपचाराची गरज आहे, त्याच्या दृष्टीने हे सहा-आठ महिने फार मोलाचे असतात.

दुसरे मत सर्वस्वी चुकीचे असते, असे नाही. निरोगी मुलेही एका ठरावीक महिन्यात चालू लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी बालकांची नोंद ठेवण्यात आली होती. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, हात व गुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान, आधाराशिवाय उभे राहणे ६.९ ते १६.९ महिन्यांच्या दरम्यान, तर स्वतंत्रपणे चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान, असे अंतर त्या अभ्यासात आढळले. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारे मूल ही दोन्ही निरोगीच होत. त्या अभ्यासातील शंभरापैकी सुमारे चार मुले तर रांगलीच नाहीत. ती बसल्या जागेवरून सरकत किंवा थेट उभी राहून चालू लागली. तेव्हा रांगले नाही एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

मात्र याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे. सतरा-अठरा महिने पूर्ण होऊनही जे मूल एकटे चालत नाही, ते बहुसंख्य निरोगी मुलांच्या मर्यादेबाहेर राहिले आहे. त्याची तपासणी झालीच पाहिजे. बाप उशिरा चालला होता की नाही, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. मूल मुदतीपूर्वी जन्मले असेल, तर जितके आठवडे आधी जन्मले तितके वयातून वजा करून मग तुलना करावयाची. दोन महिने आधी जन्मलेले मूल वाढदिवसाच्या दिवशी वाढीच्या दृष्टीने दहा महिन्यांचेच असते. ही सवलत साधारणतः दोन वर्षांपर्यंत द्यावी, असा संकेत आहे.

सर्वच लक्षणांसाठी अठरा महिने थांबावयाचे नसते. नवव्या महिन्यापर्यंत मूल आधाराशिवाय बसत नाही. उभे धरले असता पाय टेकवून अंगाचा भार घेत नाही. न्हाऊ घालताना किंवा लंगोट बदलताना मांड्या ताठ राहून एकमेकींवर चढतात. उभे केले की टाचा जमिनीला लागत नाहीत. किंवा अंग अगदी कापसाच्या बाहुलीसारखे सैल लागते. यांपैकी काहीही दिसल्यास त्याच महिन्यात दाखवावे. आणखी एक खूण फसवी असते. वर्ष पूर्ण होण्याआधीच मूल प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेऊ लागले, तर घरात ते डावखुरे किंवा ‘आतापासूनच उजवा हात वापरणारे’ म्हणून कौतुक होते. वास्तविक इतक्या लहान वयात मूल दोन्ही हात सारखेच वापरते. एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्या हाताकडे, आणि त्याच बाजूच्या पायाकडेही, पाहावयास हवे.

उशिराची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे. जन्मतःच पावले आत वळलेली असणे हे कारण जन्मल्या दिवशीच दिसते. अमेरिकेतील आयोवा येथे काम केलेले अस्थिशल्यविशारद डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांच्या पद्धतीने त्याचा उपचार आता जगभर होतो. दर आठवड्यास प्लास्टर बदलून पाच-सात आठवड्यांत पाऊल सरळ आणावयाचे, बहुतेकांच्या बाबतीत टाचेमागील शीर लहानशा छेदाने मोकळी करावयाची, त्यानंतर दांडीने जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ अहोरात्र आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावयाचे. प्लास्टर निघाले, पाय सरळ दिसला, की बुटांचा कंटाळा येतो आणि पाऊल पुन्हा वळते. या उपचाराचे अपयश बहुधा तेथेच असते. खुब्याचा सांधा जागेवर नसणे हे दुसरे कारण. मुलींमध्ये आणि पायाळू जन्मलेल्या मुलांमध्ये हा दोष अधिक आढळतो. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत निराधार आहे. पायाळू बालकाचा खुबा पहिल्या काही आठवड्यांत तपासून घ्यावा, हे मात्र शास्त्राचे सांगणे आहे. मुडदुसाने हाडे मऊ राहिली असतील, तर ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम यांनी मूल काही महिन्यांत पायावर उभे राहते. डाउन सिंड्रोम असलेली मुले उशिरा, बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वा त्यानंतर, परंतु बहुतांशी चालतातच.

चालण्याच्या दृष्टीने सर्वांत दीर्घ उपचार लागतो तो ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्या मेंदूच्या पक्षाघातात. लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिट्ल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे प्रथम सविस्तर वर्णन केले. गर्भावस्थेत, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूस इजा झाल्याने हालचालींवरील ताबा बिघडतो. हजार जन्मांमागे साधारणतः दोन ते तीन मुलांमध्ये तो आढळतो. मुदतपूर्व जन्म, जन्मताच न रडणे, मेंदूचा जंतुसंसर्ग, दुर्लक्षित राहिलेली तीव्र कावीळ ही त्याची काही कारणे होत. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. परंतु ती भरूनही येत नाही. मग भौतिकोपचाराने काय साधते, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर मुंबईत एका आईने आपल्या घरात शोधले, आणि त्यातून एक संस्था उभी राहिली. स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्त्या श्रीमती फातिमा इस्माईल यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला. तो काळ १९४० च्या दशकाचा. रोग मेंदूच्या पक्षाघाताहून वेगळा, परंतु आईपुढचा प्रश्न तोच होता. मुंबईसारख्या शहरातही अशा मुलांना चालावयास शिकविणारे केंद्र नव्हते. भौतिकोपचाराची जी साधने होती, ती मुख्यतः जखमी सैनिकांसाठी. श्रीमती इस्माईल यांनी मद्रास येथील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांना गाठले आणि महिनोन्‌महिने चाललेल्या उपचारानंतर मुलीत सुधारणा झाली. तेवढ्यावर न थांबता १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेतूनच पुढे हाजी अली येथील मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली; पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या.

पोलिओच्या साथींनी या शास्त्राला देशात पाय रोवावयास लावले, असेच म्हटले पाहिजे. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. देशातील ती पहिली मानली जाते. हाजी अली येथेच १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांकडे स्वतंत्रपणे लक्ष जावयास आणखी काही वर्षे लागली. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. याही कामामागे स्वतःच्या मुलीच्या संगोपनाचा अनुभव होता. पोलिओ तर आता देशातून गेला. भारतातील अखेरचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पोलिओच्या मुलांसाठी उभारलेले ज्ञान आज मुदतपूर्व जन्मलेल्या मुलांच्या कामी येत आहे. नवजात अतिदक्षता विभागांमुळे जी फार लहान बाळे पूर्वी दगावत असत ती आता वाचतात, आणि त्यांतील काहींना चालण्यासाठी मदत लागते.

हा उपचार प्रत्यक्षात कसा चालतो हे समजण्यासाठी कोपरीतील एका चाळीत राहणारी एक बालिका कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. ती आठ आठवडे आधी जन्मली. आता तिचे वय अठरा महिने, म्हणजे दुरुस्त वय सोळा महिने. ती हातांचा आधार घेऊन बसते, पोटावर सरपटते; बगलेत धरून उभी केली तर चवड्यांवर उभी राहते आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. बोलणे ठीक, हसणे भरपूर. आजीचा आग्रह म्हणून तिला रुग्णालयात आणले आहे.

पहिल्या भेटीत भौतिकोपचारतज्ज्ञ मुलीला फारसा हात लावीत नाही. सतरंजीवर खेळणे ठेवून ती कशी वळते, कोणत्या हाताने घेते, तोल गेल्यावर कोठे हात टेकते, हे पाहिले जाते. त्यानंतर घोटे, गुडघे व मांड्या किती मोकळ्या होतात याचे कोनमापन होते. आईला अपेक्षा असते की, ‘किती दिवसांत चालेल’ हे सांगतील. त्याऐवजी तिला विचारले जाते की, दिवसभर मूल कोठे असते. उत्तर बहुधा ‘कडेवर, नाहीतर झोळीत’ असे येते. आणि पहिले उद्दिष्ट ठरते ते चालण्याचे नव्हे, तर पाटावर बसून दोन्ही हातांनी वाटी-चमच्याशी खेळण्याचे. वडिलांना हे फार क्षुल्लक वाटते. परंतु दोन्ही हात मोकळे ठेवून बसता येणे ही कमरेच्या व पाठीच्या ताब्याची खूण आहे, आणि तो ताबा आल्याशिवाय पायांना काही शिकविणे व्यर्थ होय. मेंदूच्या पक्षाघाताची जी मुले दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसू लागतात, त्यांतील बहुतेक पुढे या ना त्या प्रकारे चालतात, असा अनुभव आहे.

साधने घरातलीच. पाटाची उंची अशी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत. पाट फार बुटका पडला तर खाली घडीची चादर. पाय पसरून आईने बसावे, मुलीला एका मांडीवर घोड्यासारखे बसवावे आणि समोरच्या पत्र्याच्या डब्यावर खेळणे ठेवावे. ते घेण्यासाठी ती मांडीवरून उठते, पुन्हा बसते. उठणे आणि बसणे हाच व्यायाम. काही आठवड्यांनी दिवाणाच्या कडेला धरून उभे राहावयाचे आणि खेळणे हळूहळू बाजूला सरकवावयाचे, म्हणजे मुलगी कडेकडेने पाऊल टाकू लागते. पुढे जमिनीवर पडलेला चेंडू एका हाताने दिवाण धरून उचलावयाचा. हे सर्व एका दमात अर्धा तास करून मुलीला रडविण्यापेक्षा दिवसातून आठ-दहा वेळा, पाच-पाच मिनिटे, जेवणाआधी, न्हाण्याआधी, दूध तापेपर्यंत, असे करणे अधिक फलदायी. रडणारे मूल अंग ताठ करते आणि ताठ अंगाने काहीही शिकता येत नाही.

या थोड्या-थोड्या पण वारंवार सरावामागे शास्त्रीय आधार आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अ‍ॅडॉल्फ व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची निरोगी मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे आढळले. दिवसभरात ही संख्या हजारोंच्या घरात जाते. आठवड्यातून एकदा रुग्णालयात मिळणारा अर्धा तास याची बरोबरी कसा करणार? पूर्वी असा समज होता की, तज्ज्ञाने मुलाचे हातपाय योग्य रीतीने हलवीत राहिल्यास मेंदूला वळण लागते. गेल्या काही दशकांतील अभ्यासांनी हे मत मागे टाकले आहे. जे कौशल्य हवे आहे, तेच मुलाने स्वतःच्या इच्छेने, आपल्या घरात, पुनःपुन्हा करून पाहणे अधिक उपयोगी ठरते. तज्ज्ञाचे काम मार्ग आखणे, चूक दाखविणे आणि पायरी बदलणे. पालकांच्या भाषेत, मालिशवाल्या बाईप्रमाणे ‘करून देणारा’ हा माणूस नव्हे; हा गणिताच्या मास्तरासारखा आहे, उदाहरण मुलानेच सोडवावयाचे.

प्रगती सरळ रेषेत होत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. कल्पिलेली आपली मुलगी तिसऱ्या महिन्यात दोन्ही हात सोडून पाटावर बसेल, पाचव्यात दिवाणाला धरून पाच पावले कडेने जाईल, आणि सहाव्यात ताप येऊन पंधरा दिवस सारे बंद पडले की पुन्हा चवड्यांवर उभी राहू लागेल. मे महिन्यात गावी जाऊन आल्यावरही असेच होते. हाडे झपाट्याने वाढतात तेव्हा ताठ स्नायू मागे पडतात आणि टाच पुन्हा उचलली जाते. याच टप्प्यावर अनेक कुटुंबे उपचार सोडतात. कारण केलेले वाया गेले असे त्यांना वाटते. ज्या आईजवळ तारखांनिशी नोंदी असतात, ती टिकते. ‘हात न धरता उभी: चार सेकंद’ अशी एक ओळ दर आठवड्याला कॅलेंडरवर लिहिली, तरी पुरते. चार सेकंदांचे सहा झाले, ही घटना बाहेरच्याला दिसत नाही.

वेळेचा मुद्दा येथे पुन्हा येतो. कॅनडातील संशोधकांनी १९९७ साली मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांची हालचालींवरून पाच पातळ्यांत वर्गवारी केली आणि २००२ साली त्यांच्या वाढीचे आलेख प्रसिद्ध केले. सौम्य पातळीवरील मूल आपल्या संभाव्य हालचाल-क्षमतेचा सुमारे ९० टक्के भाग पाच वर्षांपर्यंत गाठते. अतितीव्र पातळीवरील मूल पावणेतीन वर्षांपर्यंतच. म्हणजे जेथे दोष अधिक, तेथे मिळणारा काळ कमी. ‘चालेल हळूहळू’ म्हणून गेलेले आठ महिने या हिशेबात फार मोठे आहेत.

घरातील परंपरेबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. कारण या बाबतीत आजीचे सारेच चूक ठरविण्याची सुशिक्षितांना खोड असते. मुलाला कडेवर, दोन्ही पाय फाकवून घेण्याची आपली पद्धत खुब्याच्या सांध्याला उपकारकच आहे. उलट, दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधणे त्याच सांध्याला अपायकारक. हलक्या हाताची मालिश मुलाला सुख देते. पाय ओढणे, उलटे टांगणे मात्र थांबले पाहिजे. पांगुळगाडा तर आपल्या सुतारांची मोठी देणगी होय. मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते, भार स्वतः पेलते. पक्षाघाताच्या मुलासाठी गाड्यावर तांदळाची किंवा वाळूची पिशवी ठेवून तो जड करतात, म्हणजे तो हातातून पळत नाही. बाजारात ‘वॉकर’ म्हणून मिळणारा, मधल्या कापडी आसनात मूल बसवावयाचा चाकांचा गोल सांगाडा ही अगदी वेगळी वस्तू आहे. त्यात मूल लटकते, चवड्यांनी ढकलते, चालणे लवकर येत नाही आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो बारशाला भेट म्हणून दिला जातो!

घोट्याला आधार देणारे प्लास्टिकचे स्प्लिंट, आवश्यक तेथे स्नायूंचा ताठपणा कमी करणारी इंजेक्शने, क्वचित शस्त्रक्रिया, आणि खुबा जागेवर आहे ना हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणी ही या उपचाराची इतर अंगे होत. ती तज्ज्ञांवर सोपवावीत.

प्रत्येक मूल चालेलच, असे आश्वासन कोणीही देऊ नये. आणि जो देतो, त्याच्यापासून सावध राहावे. काही मुले कुबड्या किंवा चौकटीच्या आधाराने चालतील, काही चाकाच्या खुर्चीतून फिरतील. त्यांच्याही बाबतीत भौतिकोपचार वाया जात नाही. सांधे मोकळे राहणे, नीट बसता येणे, स्वतःच्या हाताने जेवता येणे यांचे मोल आईला अधिक कळते. ‘चालायला लागला की शाळेत आणा’ असे जे शिक्षक सांगतात, त्यांनी मुलाचे दोन्ही बाजूंनी नुकसान केलेले असते. अंगणवाडीतील इतर मुले हीच त्याच्यासाठी उठण्याची आणि पुढे सरकण्याची सर्वांत मोठी प्रेरणा असतात.

आता कोपरीच्या आईपुढील व्यवहाराचा प्रश्न. हाजी अलीला जावयाचे तर ठाण्याहून लोकल गाडीने दादर, तेथे पूल ओलांडून पश्चिम मार्गावर महालक्ष्मी, आणि पुढे बस किंवा टॅक्सी. कडेवर दहा किलोचे मूल, खांद्याला पिशवी, आणि परतीची वेळ गर्दीची. आठवड्यातून दोनदा हा प्रवास महिनोन्‌महिने कोण करू शकेल? ठाणे महानगरपालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुलनेने जवळ, एका स्थानकाच्या अंतरावर आहे. तरी गरोदर सुनेला किंवा रोजगार बुडवून येणाऱ्या बापाला तेही दूरच. उपचार सुटतो तो बहुधा अज्ञानाने नव्हे, तर अंतराने. म्हणूनच मोठ्या संस्थेत तपासणी व आखणी, घराजवळ नियमित सराव आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोठ्या संस्थेत फेरतपासणी अशी विभागणी करून देणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

शासनाची यंत्रणा नेमकी या ठिकाणी उपयोगी पडू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथेच झाला. जन्मतःचे दोष, जीवनसत्त्वादींची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील व्याधींसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी या कार्यक्रमात होते. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीस वर्षातून दोनदा आणि शाळेस एकदा भेट देते. आत वळलेली पावले, निखळलेला खुबा, डाउन सिंड्रोम आणि हालचालीतील विलंब या सर्वांचा यादीत समावेश आहे. पुढील तपासणी व उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. तेथे बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ एकत्र असावेत, अशी अपेक्षा आहे. शिवाय २०१८ पासून आशा कार्यकर्तीने बालकाच्या वयाच्या ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांत घरी भेट द्यावयाची असते. नवव्या महिन्याची भेट या लेखाच्या दृष्टीने कळीची. त्या दिवशी मूल जमिनीवर ठेवून ‘बसते का’ एवढे पाहिले आणि माता-बाल संरक्षण पत्रिकेवर खूण केली, तरी पुष्कळ काम होते. ही पत्रिका लसीकरणानंतर कपाटात जाते. तिच्यावरील वाढीच्या टप्प्यांची चित्रे क्वचितच कोणी पाहते.

आर्थिक बाजूने, राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये चालणाऱ्या निरामय आरोग्य विमा योजनेत मेंदूच्या पक्षाघाताच्या व्यक्तीस वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि भौतिकोपचारासारख्या नियमित उपचारांचाही त्यात समावेश आहे. साहाय्यक साधनांसाठी केंद्र शासनाची योजना १९८१ पासून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मेंदूच्या पक्षाघाताचा स्पष्ट उल्लेख असल्याने प्रमाणपत्राबाबत शंका राहू नये. पालक मात्र प्रमाणपत्र घेण्यास कचरतात. लहान मुलावर शिक्का बसेल, असे त्यांना वाटते. ही भीती समजून घेऊन, दाखल्यामुळे कोणकोणते लाभ मिळतात हे शांतपणे सांगणे तलाठ्यापासून मुख्याध्यापकापर्यंत कोणासही करता येईल.

कोपरी शहरात आहे, म्हणून निदान लोकल गाडी तरी आहे. शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यांवर तीही नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. हा निधी वर्षाअखेरीस वस्तूवाटपात संपविण्याची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. त्यातून तालुक्याच्या उपचारकेंद्रापर्यंत आठवड्यातून एकदा वाहनाचे भाडे, अंगणवाडीच्या दारात उतार आणि भिंतीला मुलाच्या छातीइतक्या उंचीचा लाकडी कठडा एवढे केले, तर ते पैसे अधिक सत्कारणी लागतील. कठड्याचा खर्च फार नाही. गावच्या सुताराला उंची मात्र मूल शेजारी उभे करूनच ठरवावयास सांगावी. बहुतेक ठिकाणी तो मोठ्यांच्या हाताच्या बेताने बसविला जातो आणि मुलाच्या डोक्यावरून जातो.

मूल चालू लागले म्हणजे रुग्णालयाच्या फेऱ्या संपतात, असा पालकांचा समज असतो. तसे नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दाखवावे लागते. स्प्लिंट वर्षात एक-दोनदा बदलावे लागते, कारण पाय वाढतो. त्या भेटीला जाताना मुलाच्या रोजच्या वापरातल्या चपला किंवा बूट धुऊन-पुसून नव्हे, तर जसे आहेत तसे बरोबर न्यावेत. तळवा पुढून झिजला आहे की टाचेकडून, एका बाजूने अधिक की सारखा, हे पाहून तज्ज्ञाला गेल्या सहा महिन्यांतील चालीची बरीच माहिती मिळते.